प्लास्टिक न काढलेली गाडी

चाकांवर घर घेऊन हिंडावंसं ज्यांना वाटतं त्यांना मुळात घरात बसता येत नाही, असं माझं मत होतं. अजूनही आहे.

ती गाडी मेहुण्याने घेतली. माझ्या बायकोचा हा धाकटा भाऊ. माझी मुलगी त्याला मामा म्हणते आणि त्याच्या बायकोला मामी, म्हणून मीही इथे मामा-मामीच म्हणतो. अझैब्यात राहणाऱ्या कुणा जर्मन इंजिनिअरने ती गाडी हौसेने जहाजातून मस्कतला आणवली होती. नोकरी संपल्यावर परत न्यायचा खर्च त्याला जास्त वाटला आणि त्याच गल्लीतल्या मामाला ती स्वस्त वाटली. लांबलचक पांढरी गाडी, आत चार जणांच्या झोपायची सोय, टीचभर ओटा, दोन शेगड्या आणि कपाटाएवढं संडास-बाथरूम. मामा तिला कॅराव्हॅन म्हणायचा. कॅराव्हॅन म्हणजे दुसऱ्या गाडीला जोडून ओढायची ती, ही मोटरहोम आहे, असं मी एकदा सांगून पाहिलं.

"भावोजी, लायब्ररीत पुस्तकांना लेबलं लावता तशी इथे लावू नका," तो म्हणाला. "एसी आहे, टॉयलेट आहे. अजून काय पाहिजे?"

तो एसी बसवणाऱ्या कंपनीत मॅनेजर होता. त्याच्या लेखी माणसाच्या सगळ्या दुःखांचं मूळ तापमानात होतं.

जर्मन माणसाच्या जुन्या गाद्या काढून त्याने नव्या आणल्या. त्यांच्यावरचं जाड प्लास्टिक मात्र काढलं नाही. सीटना नवी कव्हरं शिवून घेतली, त्यांच्यावरही प्लास्टिक. नवा छोटा फ्रिज बसवला, त्याच्या दारावरचा निळसर पापुद्राही तसाच. कारण जूनच्या सुट्टीतली आमची चौघांची एक ट्रिप झाली की गाडी विकायची होती. आखातातल्या आमच्या लोकांचा हा जुना रोग. वस्तू घेतानाच ती पुढच्या माणसाला कशी दिसेल याची काळजी. रिमोट पिशवीत, सोफा चादरीखाली, चांगला डिनर सेट पलंगाखाली, इंडियाला नेऊ म्हणून. वीस-वीस वर्षं लोक असे राहतात, जणू आयुष्य दुसऱ्या कुणाचं आहे आणि आपण ते न खरचटता फक्त पोचवायचं आहे.

हे मी तुच्छतेने लिहितो आहे हे मला कळतं. पण तेव्हा माझ्या दार्सैतच्या फ्लॅटमध्ये फ्रिजशेजारी एक खोकं उभं होतं. त्याच्याबद्दल सांगितल्याशिवाय पुढे जाता येणार नाही.

ते बायकोने बांधलं होतं. दर वर्षी जूनमध्ये शाळा सुटली की आम्ही रत्नागिरीला जायचो, आणि फेब्रुवारीपासून तिचं खोकं भरणं सुरू व्हायचं. रूवीच्या दुकानांत सेल लागला की टॉवेल, मग बदाम, मग गुडघ्यांचे बाम, नेलकटर, टॉर्च. खोकं भरलं की चिकटपट्टी, मग नायलॉनची दोरी, आडवी दोनदा आणि उभी दोनदा, आणि चारही बाजूंवर काळ्या मार्करने पत्ता. ठसठशीत अक्षर, विमानतळावरच्या हमालालाही चष्म्याशिवाय वाचता यावं असं. त्या वर्षी तिने ते मेच्या पहिल्याच आठवड्यात बांधून ठेवलं. दुसऱ्या आठवड्यात मेथी निवडताना तिला भोवळ आली, आणि तिसऱ्या दिवशी हॉस्पिटलमध्ये ती गेली. तिला विमानाने गावी नेलं, तेव्हा बाकी सामानाचं काय, हे विचारायच्या मनःस्थितीत कुणी नव्हतं. खोकं राहिलं.

वर्षभर मी ते हलवलं नाही. फरशी पुसताना त्याच्याभोवतीने पुसायचो. मुलीने दोनदा विचारलं, बाबा, उघडू या का. पहिल्यांदा नको म्हणालो. दुसऱ्यांदा असा ओरडलो की ती चार दिवस माझ्याशी बोलली नाही. मग तिचे शुक्रवार-शनिवार मामाकडे अझैब्यात जाऊ लागले.

मामाने विषय काढायला फार वेळ घेतला नाही.

"दहावीचं वर्ष आहे, भावोजी. तुम्ही शाळेतून येणार आणि पुस्तकात डोकं घालणार. पोरीने बोलायचं कुणाशी, भिंतीशी? ऑगस्टपासून आमच्याकडे राहू दे. मी सकाळी शाळेत सोडत जाईन. मामी घरातच असते."

मामा-मामींना मूल नव्हतं. त्यावरून मी मनात जे म्हणालो ते इथे लिहीत नाही. तोंडाने मी कमी बोलतो, मनात फार वाईट बोलतो. मुलगी वादी कबीरच्या ज्या शाळेत शिकत होती त्याच शाळेत मी ग्रंथपाल होतो, म्हणजे दिवसातून तीन वेळा ती मला दिसायची. हे मला पुरेसं वाटत होतं. तिला पुरेसं वाटतं का, हे मी विचारलं नव्हतं.

आता विचारलं, तर ती म्हणाली, "माहीत नाही, बाबा. ट्रिपनंतर सांगते. ओके?"

म्हणजे ट्रिपचे बारा दिवस. चाकांवरच्या त्या डब्यात बारा दिवस माझ्या मुलीला पळवून न्यायचा कार्यक्रम चालणार होता, आणि मी गेलो नसतो तर तो निर्विघ्न पार पडला असता. म्हणून गेलो. सोबत चार जाड पुस्तकं घेतली. निघायच्या सकाळी मामा खाली हॉर्नवर हात ठेवून बसला होता, तेव्हा मी बॅगा घेऊन आधी उतरलो. कुलूप मुलीने लावलं. ती आणि मामी बाकीचं सामान घेऊन मागून आल्या.

जूनमध्ये मस्कत भाजून निघतं, पण रास अल हद्दचं टोक ओलांडून खाली वळलं की अरबी समुद्राचा वारा लागतो आणि हवा एकदम उतरते, असं मामाने कुठेतरी वाचलं होतं. दुर्दैवाने ते खरं होतं. नाहीतर दुसऱ्याच दिवशी आम्ही परत आलो असतो. पहिला दिवस, सूरपर्यंतचा, आम्ही प्लास्टिकला चिकटून काढला. उठताना पाठीची कातडी सीटवर राहते की काय असं वाटायचं. एसीसाठी जनरेटर लावावा लागे, आणि तो लागला की शेजारी पिठाची गिरणी सुरू असल्यासारखं सगळ्यांनी ओरडून बोलायचं. दुपारी जरा आडवं होऊन कूस बदलली की चौघांच्या गाद्या चिवड्याच्या पाकिटासारख्या वाजायच्या. मामा मात्र दर अर्ध्या तासाने विचारायचा, "काय, आहे की नाही घरासारखं?"

घरासारखं नव्हतं, कारण घरात फोडणी करता येते. गाडीत फोडणी द्यायला मामाची बंदी होती. मसाल्याचा वास गादीत बसला की गोरा माणूस गाडी घेत नाही, असं त्याचं म्हणणं. त्यामुळे दोन शेगड्यांचा ओटा स्टिकरसकट कोरा राहिला, आणि मामी बाहेर वाळूत छोटा गॅस मांडून, वाऱ्याच्या बाजूला परात आडवी धरून उकिडवी बसायची.

"अहो, मोहरी तडतडायच्या आधी उडून जातेय!"

"मग मोहरी नको घालूस."

"मग तुम्ही आमटी नका खाऊ."

परात धरायला मुलगी बसायची. दोघी वाऱ्यात डोळे बारीक करून हसायच्या. मी गाडीच्या सावलीत पुस्तक उघडून बसायचो आणि एकच ओळ पुन्हा पुन्हा वाचायचो.

अल अश्खरापासून पुढे समुद्राला लागून रस्ता जातो. डाव्या हाताला भुरकट, फेसाळ समुद्र आणि उजव्या हाताला वाळवंट थेट रस्त्यावर उतरलेलं. वारा वाळू उचलून डांबरावरून पाण्यासारखी वाहवत नेतो. एखादी पत्र्याची झोपडी, उलटी घातलेली होडी, उंट, मग पुन्हा कितीतरी वेळ काहीच नाही. मला ते काहीच नसणं आवडलं असतं. पण शेजारी मामा होता, आणि त्याला कुठलीही गोष्ट बघितल्यावर ती मस्कतच्या मराठी मंडळाच्या ग्रुपवर टाकल्याशिवाय चैन पडत नसे. उंट थांबले की गाडी थांबायची. उंट चालू लागले की, "अरे, थांब ना, थांब ना!" असं तो उंटांना म्हणायचा. मराठीत.

आणि तो ताईच्या गोष्टी सांगायचा. ताई म्हणजे माझी बायको. ताई जांभळीवरून पडली ती गोष्ट मी सहा दिवसांत तीनदा ऐकली. पहिल्यांदा झाड अंगणाच्या कडेला होतं. दुसऱ्यांदा ते विहिरीवर वाकलेलं होतं. तिसऱ्यांदा ती शेंड्यावर होती आणि खाली साप होता. प्रत्येक आवृत्तीत झाड उंच होत होतं. गोष्ट संपली की मागे मामीचे डोळे भरायचे, गाडीत पेट्रोल भरावं तितक्या नेमाने, आणि मुलगी म्हणायची, "मामा, परत सांग ना, ती पडल्यावर काय बोलली?"

"म्हणाली, आईला सांगितलंस तर तुझा पतंग फाडीन!"

मी खिडकीबाहेर बघायचो. माझ्या बायकोला अशी गोष्टीत घालून रोज ताणणं मला असभ्य वाटायचं. मी तिच्याबद्दल वर्षभरात कुणाशी बोललो नव्हतो, आणि याचा मला, खरं सांगायचं तर, गर्व होता.

सहाव्या दिवशी मामाला समुद्राच्या अगदी काठावर मुक्काम करायची लहर आली. मसिरा बेटाच्या समोर जमिनीची एक सपाट जीभ समुद्रात गेली आहे. तिथे ना झाड, ना टेकडी, ना नीट किनारा. जमीन कुठे संपते आणि पाणी कुठे सुरू होतं हे नजरेला ठरवता येत नाही. डांबरी रस्ता सोडून पांढऱ्या, कडक दिसणाऱ्या जमिनीवर टायरच्या खुणा गेल्या होत्या. मामाने गाडी त्या खुणांवर घातली.

मला माहीत होतं. आमच्या लायब्ररीत ओमानच्या भूगोलाचं एक पुस्तक होतं, त्यात या जमिनीवर चार पानं होती. याला सबखा म्हणतात. वर मिठाचा कडक पापुद्रा आणि खाली ओला गाळ. हलकी गाडी वरून निघून जाते, जड गाडी आत जाते. हे सगळं मला चित्रांसकट आठवत होतं. पण लेबलांच्या टोमण्यानंतर मी ठरवलं होतं की याला काही सांगायचं नाही. याचं याला कळू दे. मागे माझी मुलगी बसली होती, तरी मी गप्प बसलो. मी पुस्तकाचं पान उलटलं.

थोड्याच वेळात मागची चाकं खाली गेली. आवाज असा काही झालाच नाही, बिस्किट चहात बुडावं तसं झालं. मामाने जोरात गाडी रेटली आणि चाकं अजून आत गेली. काळा, कुजक्या वासाचा चिखल गाडीच्या पांढऱ्या अंगावर उडाला.

"थांब," मी म्हणालो. माझा सल्ला बरोबर वेळेवर आला होता.

तासाभराने एक पिकअप आली. चालवणारा ओमानी म्हातारा, लुंगीसारखा वजार आणि डोक्याला मळका मस्सर गुंडाळलेला, आणि मागे दोन बांगलादेशी मच्छीमार. म्हाताऱ्याने उतरून गाडीभोवती एक फेरी मारली. आमच्याकडल्या बहुतेक ओमानींसारखं त्याला कामापुरतं हिंदी येत होतं, फक्त दोस्ताला तो अरबीत सदीक म्हणायचा.

"सदीक, ये रास्ता नहीं. ये सबखा."

"टायर का निशान था ना," मामा म्हणाला.

"निशान मेरा है." म्हाताऱ्याने आपल्या पिकअपकडे बोट केलं, मग आमच्या गाडीकडे. "ये बैत है. घर. घर को इधर कौन लाता है?"

सहा दिवसांत मला पटलेलं ते पहिलं वाक्य. पण पुढचं वाक्य तितकंसं आवडलं नाही. दूरवर जो समुद्र चमकत होता तिकडे हात करून तो म्हणाला, ओहोटी आता उलटली आहे, "मगरिब तक पानी इधर." आणि त्याने आमच्या दारावर कमरेच्या उंचीला हात ठेवला. ऊन उतरायला लागलं होतं. मगरिबला, म्हणजे सूर्यास्ताला, अडीच-तीन तास असतील.

आधी वजन कमी करायचं ठरलं. सगळं बाहेर काढलं. त्या पांढऱ्या सपाट जमिनीवर आमचा संसार मांडला गेला: पाण्याचे कॅन, खुर्च्या, आइसबॉक्स, माझी पुस्तकं, आणि प्लास्टिकमधल्या चार गाद्या. मच्छीमारांनी फावड्याने चाकांपुढचा गाळ उपसला, टायरमधली हवा सोडली. मी मागच्या बाकाखालचे शेवटचे कॅन ओढत होतो. त्यांच्या मागे चादर होती, आणि चादरीखाली खोकं. उलटं ठेवलेलं. बायकोचं अक्षर मला उलटं दिसलं, तरी एका क्षणात वाचता आलं.

मी ते बाहेर आणून ठेवलं आणि मुलीकडे बघितलं.

"मीच आणलं," ती म्हणाली. घाबरली की तिचं मराठी अजूनच अडखळतं. "मामीला सांगितलेलं. मला ते ओपन करायचं होतं. घरी नाही. अशा जागी की... तू ओरडलास तरी कुणाला ऐकू नाही येणार."

"मी तिला म्हटलं होतं बाबांना विचार," मामी म्हणाली आणि लगेच रडायला लागली.

ओरडायला वेळ नव्हता. म्हातारा चाकाजवळून हाका मारत होता. त्यांच्या झोपडीतून दोन फळ्या आणल्या होत्या, त्या पुरेनात. आमची पायपुसणी गेली, चादरी गेल्या. चाक फिरलं की त्या चिंध्या होऊन मागे उडत. मी गाद्या दाखवल्या. "स्पंज," म्हातारा तुच्छतेने म्हणाला. त्याच्या तुच्छतेत काही कमी नव्हतं. "मोटा कपड़ा चाहिए. कंबल. कुछ है?" आणि त्याची नजर दोरी बांधलेल्या खोक्यावर गेली. "इसमें क्या है?"

"ब्लँकेट," मुलगी म्हणाली. आई भरत होती तेव्हा ती शेजारी बसलेली असायची. "और टॉवेल."

"नहीं," मामा म्हणाला. "वो नहीं."

"गाड़ी जाएगी, सदीक."

"जाने दो." मग तो मराठीत बोलू लागला, आमच्यापैकी कुणाकडेच न बघता. "ताईने बांधलंय ते. तिचं सामान चाकाखाली नाही घालायचं. गाडी गेली तर गेली. मसणात जाऊ दे गाडी." आणि तो तिथेच, त्या ओल्या मिठावर, इस्त्रीच्या पँटमध्ये मटकन खाली बसला. त्याचा चेहरा लहान मुलासारखा वेडावाकडा झाला होता.

ज्या माणसाने सहा दिवस मोहरीचा एक दाणा गाडीत तडतडू दिला नव्हता, तो बसून गाडी बुडायची वाट बघत होता. त्याची बहीण गेली होती. मला बायको नाही, तशी त्याला बहीण नव्हती. वर्षभरात हे माझ्या मनात आलं नव्हतं. त्याला मी साधं कसा आहेस विचारलं नव्हतं.

त्या वेळी मला काही उदात्त वाटलं असतं तर इथे आवर्जून लिहिलं असतं. मला राग आला. इतका उथळ, बडबड्या माणूस, आणि माझ्या दुःखात माझ्या पुढे निघून गेला याचा राग. मी मामीची कांदा कापायची सुरी घेतली आणि दोरी कापली. उभी दोनदा, आडवी दोनदा.

वर बदामाची पाकिटं होती. खाली टॉवेल, सहा, जाडजूड. प्रत्येक वस्तूला वहीच्या कागदाची चिठ्ठी टाचलेली. मुलगी गुडघ्यांवर बसून चिठ्ठ्या काढू लागली आणि मोठ्याने वाचू लागली, जोडाक्षरांपाशी थांबत.

"मोठ्या... जाऊबाईंना. शेजारच्या काकू, बाम, गु-डघे. दूधवाल्याच्या सुनेला, बा-ळं-तपणासाठी." ती थांबली. "बाबा, ते बेबी आता एक वर्षाचं असेल."

सगळ्यात खाली ब्लँकेट होतं. मरून रंगाचं, त्यावर परातीएवढाले गुलाब. चिठ्ठी माझ्या आईच्या नावाची: थंडीसाठी. रत्नागिरीत असलं ब्लँकेट लागावं अशी थंडी माझ्या आयुष्यात कधी पडलेली नाही.

माझ्यासाठी काही नव्हतं. असायचं कारणच नव्हतं, मी तर तिच्या बरोबरच जाणार होतो. वर्षभर ज्याच्याभोवतीने मी फरशी पुसली, ज्याच्यापायी पोरीवर ओरडलो, त्यात टॉवेल होते. दुसऱ्या लोकांचे. त्या लोकांना मी एक फोनही केला नव्हता.

मी ब्लँकेट उचललं. जड होतं. डाव्या चाकापुढे गुडघे टेकून ते हाताने आत कोंबलं.

"भावोजी!"

"गप्प बस," मी म्हणालो, "आणि गाडी सुरू कर."

मामाशी इतकं सरळ मी कधीच बोललो नव्हतो. तो उठला. उजव्या चाकाखाली मुलीने टॉवेल घातले, एकेक उलगडून, जणू वाळत घालते आहे. पिकअपला दोर बांधला. मच्छीमार मागून रेटायला लागले, मीही लागलो. म्हातारा ओरडला, "यल्ला! यल्ला!" चाकाने गुलाब पकडले, आत ओढले, आणि गाडी हिसका देऊन वर आली. आली ती थांबेच ना. कडक जमीन लागेपर्यंत मामाने मागे बघितलं नाही. ब्लँकेट मागे पडलं होतं, मधोमध फाटलेलं, काळ्या चिखलात. पाणी अजून लांब होतं, पण आता त्याचा आवाज येत होता.

सामान त्या पिकअपमधून दोन खेपांत हलवलं. म्हाताऱ्याने पैसे घेतले नाहीत. मामीने त्या तिघांना बदामाची पाकिटं दिली, ती त्याने घेतली आणि कुठून आली असं विचारलं. मामा म्हणाला, "मेरी सिस्टर ने भेजा है." खोटं नव्हतं.

मग रस्त्याच्या कडेला गाडी लावून मामी बाहेर गॅस मांडायला लागली, तर मामा म्हणाला, "आतच कर गं." तिने दोनदा विचारलं, खरंच का. मोहरी तडतडली, हिंग पडला, लसूण पडला, आणि तो सगळा धूर त्या बंद डब्यात भरून राहिला. आम्ही खोकत खोकत आमटी-भात जेवलो. गाद्यांवरचं प्लास्टिक मात्र काढलं नाही. तेवढी अपेक्षा मी ठेवलीही नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी मुलगी आणि मी चिखलातून परत आणलेले टॉवेल धुतले. सहापैकी चार धुण्यासारखे होते. पिळायला एक टोक तिने धरलं, एक मी.

"बाबा, मी ऑगस्टपासून मामाकडे जाते."

मी टॉवेल पिळत राहिलो. "का?"

"तिथे मी आईबद्दल बोलते. मग मामी रडते. मग मामा ती झाडवाली स्टोरी सांगतो. मग आम्ही जेवतो." तिने टोक सोडलं नाही. "आपल्या घरी आपण डायरेक्ट जेवतो."

मी माझ्या टोकाला आणखी एक पीळ दिला. "ती जांभूळ नव्हतीच," शेवटी मी म्हणालो. "पेरूचं झाड होतं. आणि तुझ्या आईच्या डोक्याएवढंच उंच."

"मग पडली कशी?"

"पडली नाही. उतरायला लाज वाटली म्हणून बसून राहिली. खाली मी उभा होतो. त्यांच्या घरी मुलगी बघायला आलो होतो, आणि मुलगी झाडावर होती."

ती इतकी हसली की टॉवेल वाळूत पडला आणि परत धुवावा लागला. पण निर्णय तिने बदलला नाही. गोष्ट चांगली होती, पण एकच होती, आणि वर्ष उलटून गेल्यावर सांगितली होती.

परतीच्या वाटेवर मी आईला फोन केला. तिच्या सुनेने तिच्यासाठी ब्लँकेट घेतलं होतं आणि ते चिखलात गेलं, हे सांगितलं. "जाऊ दे रे," आई म्हणाली. "मी तिला सांगितलंच होतं एवढं ओझं आणू नकोस. ऐकायची नाही ती." आणि मग बराच वेळ ती तिच्या न ऐकण्याच्याच गोष्टी सांगत राहिली. मी ऐकल्या.

गाडी विकायला मामाला वर्ष लागलं. बघायला येणारा प्रत्येक जण आत डोकं घालून आधी नाक वर करायचा. शेवटी एका केरळी माणसाने घेतली. त्याला वास आवडला म्हणे.

ट्रिपवरून आल्यावर, त्याच जुलैच्या शेवटी, मुलीची पुस्तकं भरायला तेच खोकं काढलं. चारही बाजूंवर तिच्या आईच्या अक्षरात रत्नागिरीचा पत्ता होता. तो खोडायचा नाही, असं मुलीने बजावलं. म्हणून मी मार्कर घेऊन वरच्या बाजूला अझैब्याचा पत्ता घातला. माझं अक्षर बारीक आहे, हमालाला चष्मा लागला असता. मग नवी दोरी आणली. आडवी दोनदा, उभी दोनदा.

मामा न्यायला आला. खोकं उचलताना दोरीकडे बघून म्हणाला, "भावोजी, वीस मिनिटांचा रस्ता आहे. एवढं बांधलंय कशाला?"

"इतकी वर्षं इथे राहून तुला कळत नाही?" मी म्हणालो. "नीट धर. खालून धर."